लाल दिवा आणि शुक्रवारची मुलाखत

४ तारीख, सोमवार
भिंतीवर राउटर लावून नऊ दिवस झाले, दिवा अजून लालच! "चोवीस तासांत नेट सुरू, आजी" — म्हणणारा तारवाला आता फोनही उचलत नाही. शुक्रवारी अकराला सुनेची मुलाखत, लॅपटॉपवर. मोबाइलचं नेट आमच्या घरात तोंड दाखवतं तर आवाज गिळतं. तीन वर्षं घरात बसलीय पोर. मुलगा म्हणतो, "बरंच झालं, नोकरी हवीय कुणाला!" पोटचा आहे म्हणून ऐकून घेते.

५ तारीख
नेटच्या कंपनीत फोन केला. "बंद करून चालू करा." केलं. दिवा लालच. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. म्हटलं, "बाई, एकदा तुमचं ऑफिस बंद करून बघा."

६ तारीख
सुनेनं मेसेज वाचला — आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, धन्यवाद! दिवा लाल. मी तिसरी नापास, पण लाल रंग कळतो मला.

७ तारीख
स्वतः गेले ऑफिसात. काचेच्या केबिनीत साहेब. "आजी, तुमच्या भागात काम चालू आहे."
"आणि इथं? इथं तरी चालतं का नेट?"
"इथं? सुसाट!" — छाती फुगवून.
घरी आले, सुनेला म्हटलं, चांगल्या ड्रेसला इस्त्री कर.
"आई, पण नेट?"
"सापडलं."

८ तारीख, शुक्रवार
जिंकले! साडेदहालाच आम्ही तिघी ऑफिसात — सून, तिच्या कडेवर नात, आणि मी. सुनेला थेट साहेबाच्या खुर्चीत बसवलं. साहेब धावत आला. "अहो आजी, ही माझी खुर्ची आहे!"
"असू दे. नेट घरी येईना, म्हणून आम्ही नेटाकडे आलो."
बाहेर तक्रारवाल्यांची रांग. सगळे फिदीफिदी हसले. एक ओरडला, "आजी, यांच्यानंतर माझा नंबर!" साहेबानं मुकाट्यानं पासवर्ड सांगितला.
पाऊण तास बोलत होती पोर. काचेतून दिसत होतं — मान ताठ, कुठं अडखळली नाही. तोवर नात साहेबाच्या कडेवर, त्याचा चष्मा ओढत. मीच दिली. "धरा जरा, कंबर गेली माझी." खोटं! कंबर ठणठणीत आहे.
चार वाजता तारवाला दारात हजर. दिवा हिरवा!

१४ तारीख
सुनेला नोकरी लागली. लांबच्या शहरात. मुलगा बेंबीच्या देठापासून ओरडला — "जा खुशाल! पोरीला कोण सांभाळणार तिथं?"
मी स्टूल घेतलं, माळ्यावरून माझी बॅग काढली.