क्रीमचं लोणी

उस्मानपुरा,
सोमवार

प्रिय तनुजा,

चिठ्ठी बघून दचकू नको, इथं सगळं ठीक आहे. शेजारची सरिता नोकरीला रोज जालन्याला येते, तिच्या हाती ही चिठ्ठी आणि तुपाची बरणी देतेय. फोनवर माझ्याच्यानं बोलवत नाही. मागच्या महिन्यात तू फोन करून विचारलंस, तुझ्या शाळेतल्या हिमांशू सरांशी लग्न करू का, आणि मी दूध उतू चाललंय म्हणत फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं, पोरी.

आज माझ्या लेकाचा, सार्थकचा वाढदिवस. तो गेल्यावर दोन वर्षं तू माहेराहून येऊन त्याचा केक केलास. तू, मी आणि बाबा, तिघांनी मिळून खाल्ला. औंदा तू आली नाहीस. कशाला येशील? तोंड तर मीच फिरवलं होतं. मग सकाळी तुझी केकची वही काढली आणि म्हटलं, आपणच करावा. हसू नको! देवगाव रंगारीसारख्या खेड्यातल्या बाईचा केकसुद्धा फुगतो, लई छान फुगला.

तुझा पहिला केक आठवतो का गं? लग्नाला महिना झाला नव्हता आणि तू माझ्या ओट्यावर दारूची बाटली मांडलीस. कॉफीची असली तरी दारूच ती. घर बाटवलं म्हणून मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. सार्थकनं मात्र नुसत्या कॉफीचा केक आहे सांगून मला तुकडा भरवला, मी दुसरा मागून घेतला, आणि मग त्यानं खरं सांगितलं. मेल्या, म्हणून पाठीत धपाटा घातला होता त्याच्या. तो गेल्यापासून हा शब्द मी तोंडातून काढत नाही.

त्यानं गोव्याहून आणलेली शेवटची बाटली लोणच्याच्या बरणीमागं होती. तू दर वर्षी त्यातली थोडीच वापरायचीस आणि मी येता-जाता बघायचे, किती उरली. त्याच्या हातची वस्तू संपू नये वाटायचं. आज उरलेली सगळी केकवर ओतली. बाटली धुऊन पालथी घातली आणि ओट्याशीच खाली बसून रडले.

मग क्रीम फेटायला घेतलं. तुझं बीटर चालेना, म्हणून रवी घेतली. फेसाळलं, फुगलं, रवीवर टोक उभं राहिलं. तू लिहिलंयस, इथं थांबायचं. पण जन्मभर ताक घुसळलेला हात, तो कसला थांबतो? घुसळत राहिले आणि बघते तर लोण्याचा गोळा! बरं झालं, साखर पडली नव्हती. त्याचंच तूप कढवलं, तेच बरणीत आहे. तूप हलवता हलवता तुझाच विचार चालला होता. तुलाही मी असंच धरून ठेवलं, थांबायचं तिथं थांबले नाही. बाबांना तसं म्हटलं तर म्हणतात, तिच्या लग्नाला मी कधीचाच तयार होतो, तुझ्या भीतीनं गप्प बसलो. बघ, सासरे तुझे!

खरं सांगू? मला राग नव्हता आला, भीती वाटली. तू दुसऱ्या घरी गेलीस की मला आई म्हणणारं कुणी उरणार नाही. म्हणून महिनाभर तुला ताटकळत ठेवलं, माफ कर मला. केक बिनक्रीमचाच फ्रीजमध्ये झाकून ठेवलाय. दारू मुरली की आठवडाभर टिकतो, तुझ्याच वहीत आहे. रविवारी ये, आणि एकटी येऊ नको, हिमांशू सरांना घेऊन ये. क्रीम तू फेट. पहिला तुकडा मी त्यांना माझ्या हातानं भरवीन. लग्न कर, बाळ, आनंदानं कर. फक्त त्यानंतरही फोन केलास की आधीसारखंच, आई, म्हणून बोलायला लाग.

तुझीच,
आई