पायांवर पाणी

५ जुलै
निफाडहून आले. नात प्रतिभा स्टँडवर न्यायला आली, क्वार्टरवर आणलं. नळाला दिवसभर पाणी, गॅसला काडीसुद्धा लागत नाय. मजा हाय. पोरगी मेलेल्यांची डॉक्टर. गंगेतून (इथं नदीला गंगाच म्हणतात), कालव्यातून काढलेली माणसं तपासते, बुडून मेली का मारून टाकली. हे ऐकलं की स्थळं पळतात. मी म्हटलं, पळू दे, तुझे पेशंट तरी उलट बोलत नाहीत. दाराबाहेर बादली ठेवली. मयताहून आलं की पायांवर पाणी घेतल्याशिवाय घरात यायचं नाय, मग तू डॉक्टर अस नाहीतर कलेक्टर.

८ जुलै
बहिरू तिच्या हाताखाली मुडदे उचलतो. डबा न्यायला येतो, जीभ सैल. गंगेतून बाई निघाली म्हणे, बेवारस. पाण्यात राहून हाताची कातडी मोज्यासारखी निघून आली. प्रतिभानं ती आपल्या रबरी मोज्यावर चढवली आणि बोटांचे ठसे घेतले. ओळख पटवायला असंच करतात. मी तिला म्हटलं, दुसरीच्या बांगड्या घालतानासुद्धा विचारतात गं. हसली. पायांवर पाणी ओतलं, आत घेतली.

११ जुलै
प्रतिभा पाय पुसून आत येते. तरी तिच्यामागं ओली पावलं, थेट स्वयंपाकघरापर्यंत. तिची नव्हेत, पसरट हायत. बहिरूला सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. बुडालेल्याच्या मागं पाणी ओतायचं नसतं म्हणाला, पाण्यावरूनच ती घरात येतात. बहिरूच्या लोकांत उंबऱ्यावर विस्तव ठेवतात, तो बुडालेल्यांना ओलांडवत नाय. आधी बोलायला काय झालं होतं मेल्या, म्हटलं. बादली पालथी घातली. त्याला गोवऱ्या आणायला सांगितल्या. शहरात त्याही शोधाव्या लागतात.

१३ जुलै
प्रतिभाची बोटं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. मोबाईल तिचा अंगठा ओळखत नाय. घामानं होतं म्हणाली. फरशीवरची पावलं पुसली तरी वाळत नाहीत.

१४ जुलै
बहिरूनं गोवऱ्या आणल्या. दुपारी प्रतिभा लवकर आली. सरळ माझ्या खाटेवर पडली. मग उंबऱ्यावर विस्तव ठेवला. बरं वाटलं.

बहिरूचा फोन. मॅडमना उशीर होईल. म्हटलं, ती तर घरी — नाय म्हणाला, इथंच हायत, माझ्यासमोर.

मग खाटेवर —

विस्तव काढला तर ती गंगेतली बाई बाहेर पडेल. प्रतिभाच्याच मागं जाईल. बहिरूला सांगितलं, मॅडमना घरी येऊ देऊ नको, बांधून ठेव पाहिजे तर. दार आतून लावलं. माझं वय झालंय. प्रतिभाचं नाय.

पाणी मागतेय. आवाज प्रतिभाचाच. आजी, पायांवर पाणी घाल.

नाय घालणार, म्हटलं.

तिनं हात धरला. हिसडून सोडवला, तर तिची कातडी माझ्या हातावर — निघत नाय — बोटांवर घट्ट बसली —

पेन आता ती