उचलण्याआधी वास घ्यावा

११ जुलै २०२६, शनिवार. सकाळपासून आभाळ भरलेले, वारा नाही. रेशीम बाहेर काढण्यासारखा दिवस नव्हता, म्हणून लिहायला बसलो. डॉक्टर तपासून गेले, सहीला पुन्हा येतील. रक्तदाब ठीक, गुडघे वाईट, डोके शाबूत, असे म्हणाले. दुपारी अंडे उकडून खाल्ले.

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, या गल्लीत वाफवाले म्हणून ओळखला जातो. नाजूक कपड्यांचा कुबट वास काढून देण्याचे दुकान मी व माझी पत्नी मिळून चालवत होतो. ती मागच्या नोव्हेंबरात वारली. आम्हाला मूल नाही. जे आहे ते आम्हा दोघांच्या कमाईचे आहे, वाडवडिलांचे त्यात काही नाही. तेव्हा ते कोणाला द्यायचे हे मी ठरवणार. कोणीही मला भरीस घातलेले नाही. घालायला आले होते, त्यांना चहा देऊन परत पाठवले.

कलम १. हे कलम वाटणीचे नाही, पण याच्याशिवाय पुढची समजणार नाहीत.

माणूस ज्या घरात राहतो त्या घराचा वास त्याला येत नाही. दिवसभर वाफेत आणि व्हिनेगरमध्ये उभे राहणाऱ्याला तर कसलाच येत नाही. म्हणून आमची रीत अशी होती की काम मी करायचे आणि वास तिने घ्यायचा. कपडा तयार झाला की ती बाहेर पडायची, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जरा वेळ उभी राहायची, परत यायची आणि थेट बगलेच्या अस्तराला नाक लावायची. मग म्हणायची, "आहे", नाहीतर, "नाही." आमच्या संसारात एवढे दुसरे कोणतेही शब्द बोलले गेले नसतील. "आहे" म्हटले की कपडा पुन्हा उलटा करून टांगायचा, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत असले तरी.

एकदा एक बाई घायकुतीला आल्या. "अहो, मला आत्ता निघायचंय. एवढासा वास मला चालेल."

"तुम्हाला चालेल हो," पत्नी म्हणाली, "तुमच्या शेजारी बसणाऱ्याचं काय?"

ती गेली तेव्हा मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होतो. मला चाकाच्या खुर्चीतून घरी आणले तोवर माझ्या धाकट्या भावाने आणि भावजयीने सगळी तयारी केली होती. मागच्या भिंतीला ओल आहे. त्या भिंतीलगतच्या ट्रंकेच्या तळातून तिचे निळे रेशमी पातळ काढून तिला नेसवले होते आणि वरून सेंट ओतला होता. मी आठवडाभर बाहेर राहिलेला, त्यामुळे दारातच कळले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घराचा वास आला, आणि तो तिच्या अंगावरून आला.

मी म्हणालो, "हे बदला. वरच्या कपाटात चांगली आहेत."

भाऊ म्हणाला, "दादा, गाडी खोळंबलीय. आता कोण वास घ्यायला बसलंय?"

भावजय म्हणाली, "आणि मी चांगली अर्धी बाटली ओतलीय की."

लोकांनी माझी खुर्ची बाजूला केली आणि तिला तशीच नेली. जिने दुसऱ्याच्या बाहीतला एवढासा वास कधी चालवून घेतला नाही, तिला. भाऊ ते वाक्य कधीच विसरला असेल. पुढची सगळी कलमे त्या वाक्यावरून लिहिली आहेत.

कलम २. राहते घर, खालच्या दुकानासह, मी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, म्हणजे नर्सबाईंना, देत आहे.

यात प्रेमाचा भाग नाही. बाई भांडकुदळ आहेत. जिन्यात चपला आपटत चढतात. माझ्या व्हिनेगरच्या वाफेबद्दल त्यांनी दोनदा नगरपालिकेत तक्रार केली. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या.

कारण असे. पत्नी गेल्यानंतर मी माझा राखाडी लोकरीचा सूट बाहेर काढला. मला त्यातच न्यावे अशी इच्छा आहे. तोही त्याच ट्रंकेतला. मला जमते ते सगळे केले, पण झाला की नाही हे सांगणारे कोणी उरले नव्हते. रविवारी पुतण्या आला. त्याच्यापुढे धरला. फोनवरची नजर न काढता तो म्हणाला, "एकदम फ्रेश, काका." नाक वीतभर लांब होते. भावाला विचारले. "तुझ्या कामात काय बघायचं, दादा?" भावजयीने नाक लावले, मुरडले आणि म्हणाली, "छान." या तिघांना घर हवे आहे. घरासाठी ही माणसे उकिरड्यालाही छान म्हणतील.

सोमवारी सकाळी नर्सबाई रात्रपाळीवरून परतताना दारात थांबल्या.

"अहो वाफवाले, तुमचा नळ रात्रंदिवस गळतोय. मला दिवसा झोप लागत नाही."

"हा सूट जरा हुंगा."

"कशाला?"

"हुंगा तर. वास आहे का?"

त्यांनी हुंगला. "आहे. कॉलरला नाही, बगलेत आहे. आणि नळाचं काय करताय?"

नळ त्याच दिवशी दुरुस्त केला. पुतण्या आतापासूनच खाली फोनचे दुकान टाकायची स्वप्ने बघतो आहे. आयत्या बिळावर नागोबा व्हायची त्याची तयारी असली तरी बीळ त्याचे नाही, हे त्याने हे कलम वाचून समजून घ्यावे.

कलम ३. बँकेतल्या शिलकेतून आधी मागच्या भिंतीची ओल कायमची काढून घ्यावी. मी ती भिंत चाळीस वर्षे उद्यावर टाकली. उरेल ते भावाला द्यावे. मायेने नव्हे, तर आपल्याला वगळले म्हणून त्याने कोर्टाची पायरी चढू नये यासाठी.

कलम ४. वाफेची इस्त्री, लांब टेबल, गादीचे हँगर आणि मऊ ब्रश नाटक कंपनीच्या कपडेवालीला द्यावेत. ती तुसडी आहे, पण मखमल उलट्या अंगाने धरते. तिच्यासाठी लिहितो. पूर्ण ओला कपडा वास धरत नाही, अर्धवट सुकवून ठेवलेला धरतो. म्हणून आधी उलटा करून सावलीत, वाऱ्यावर, शिवणी कोरड्या होईपर्यंत टांगावा. रेशीम उन्हात घालू नये. मग पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून लांबून वाफ द्यावी, इस्त्री टेकवू नये. पुन्हा सुकवावा. शेवटी बंद पेटीत खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवावी, सोडा कापडाला लागू देऊ नये. याला दिवस लागतात. ज्याला घाई आहे त्याने गोणपाट धुवावे.

चौकातल्या ड्रायक्लीनरला काही देऊ नये. तो सुगंधी फवारा मारून कपडे परत करतो. त्याने वास जात नाही, वासाला सोबत मिळते.

कलम ५. सेंटची उरलेली अर्धी बाटली भावजयीला द्यावी. मी जपून ठेवली आहे.

कलम ६. मी गेल्यावर नर्सबाईंना बोलवावे. त्या बाहेरून येतील, सूट हुंगतील आणि "आहे" किंवा "नाही" सांगतील. "आहे" म्हणाल्या तर मला कोणी हात लावू नये. सूट टांगावा, थांबावे. गाडी खोळंबली तर तिचे भाडे शिलकेतून द्यावे. भावाला घाई असेल तर त्याने घरी जावे, माझी हरकत नाही. मात्र बाईंना घर मिळते आहे ते खरे सांगण्याबद्दल, "नाही" म्हणण्याबद्दल नव्हे. "आहे" म्हणाल्या तरी घर त्यांचेच. त्या माझ्या आधी गेल्या तर काय करायचे, हे वकीलसाहेबांनी विचारले. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

या कागदाचा अंमल वकीलसाहेबांनी करावा. याआधी मी असा कागद केलेला नाही. हा वाचून, समजून, माझ्या हाताने लिहिला आहे.

सही: वाफवाले
साक्षीदार: १. डॉक्टर, गल्लीतला दवाखाना. २. छापखानेवाले, समोरचे.
स्थळ: दुकानातील लांब टेबल
दिनांक: ११ जुलै २०२६

सह्यांनंतर, त्याच दिवशी. छापखानेवाल्यांनी सही करण्याआधी सहावे कलम वाचले. म्हणाले, "अहो, असं कुणी लिहितं का?" मी म्हणालो, "मी लिहिलंय." डॉक्टरांनी सही केली. दोघे गेले. नर्सबाई रात्रपाळीला निघून गेल्या होत्या. संध्याकाळी थोडा वारा सुटला. सूट दिवसभर खिडकीत उलटा होता. नोव्हेंबरपासून मी उंबरठ्याबाहेर पडलो नव्हतो, किराणा दारात येतो. आज काठी घेतली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिलो. पेटीला नवा रंग दिला आहे, हे मला माहीत नव्हते. परत आलो आणि थेट बगलेच्या अस्तराला नाक लावले.

आहे.

सूट पुन्हा उलटा करून टांगला.