आत्यासमोर पाय वर केल्याची हकिकत

चि. लोपेतीस,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. ऑकलंडच्या थंडीत तू, तुझी बायको आणि पोरं धडधाकट असाल, पायांत मोजे घालत असाल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. डुकरीण व्याली, तुझी वहिनी वीका सकाळपासून माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे तीही खुशाल. मीसुद्धा खुशाल आहे आणि हेच मला मुळात सांगायचं आहे, कारण तिकडे माझ्याबद्दल काय पसरलंय ते कानावर आलं. तुला पाठवलेली रताळी बंदरात महिनाभर कुजतात, पण रविवारी दुपारी इथे घडलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत तुमच्या चर्चमध्ये पोचते! मी आत्याला लाथ मारली म्हणे. लोपेती, मी लाथ मारलेली नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्याकडे फोन वाजला की सगळं घर कान लावून बसतं, म्हणून हा कागद. वाचून झाल्यावर चुलीत घाल.

झालं ते असं. चर्चमध्ये दुसरं स्तोत्र वाजवताना माझ्या छातीत धडधड सुरू झाली. साधीसुधी नाही, पोत्यात घातलेली कोंबडी फडफडते तशी. तरी मी वाजवणं सोडलं नाही. (अख्ख्या बँडमध्ये मोठा पितळी कर्णा एकच. तो थांबला की बाकीची पोरं वाट फुटेल तिकडे जातात. तू तुतारी वाजवायचास तेव्हा तूही जायचास.) शिवाय पहिल्याच बाकावर लेसिएली आत्या पंखा हलवत बसलेली. बापाची थोरली बहीण! तिच्यासमोर आपल्या घरातला माणूस मरायचं झालं तरी आधी परवानगी घेईल. म्हणून प्रवचन संपेपर्यंत दम धरला. पण घरी जेवायला बसलो, नारळाच्या दुधातली अळूची पानं पुढ्यात आली आणि मी ती परत केली, तेव्हा घरात रडारड झाली. आत्या म्हणाली, "पेनिसिमानी जेवत नाही? इस्पितळात न्या."

ट्रकमध्ये मी, वीका, आत्या, आत्याची खुर्ची (इस्पितळातल्या खुर्च्यांवर तिचा विश्वास नाही) आणि अर्धं भाजलेलं डुक्कर, असे निघालो. तातडीच्या विभागात होती कोण, तर आनासेइनी. तीच, सारखी ताल चुकते म्हणून जिला मी बँडमधून काढलं होतं. आता ती डॉक्टर झाली आहे आणि लोकांचे चुकलेले ठोके मोजते. तिने मला वायरी चिकटवल्या, कागद पाहिला आणि म्हणाली, "काका, तुमचं हृदय मिनिटाला दोनशेच्या चालीने पळतंय. इंजेक्शन आहे, पण ते दिलं की क्षणभर आपण मेलोच असं वाटतं. त्याआधी नवीन संशोधनातला एक उपाय करून बघू." आणि माझ्या हातात सुई नसलेली एक रिकामी सिरिंज ठेवली. म्हणे, फुंका!

चाळीस वर्षं कर्णा फुंकणाऱ्या माणसाच्या हातात ही पिपाणी! मी फुंकली. आतला दट्ट्या उडाला आणि थेट आत्याच्या मांडीवर जाऊन पडला. दट्ट्या जरासा हलेल इतकंच फुंकायचं, पण पंधरा मोजेपर्यंत सोडायचं नाही, हे ती आधी सांगू शकली असती. (वीका म्हणते, सांगितलं होतं. वीका तेव्हा रडत होती, तिचं काय ऐकायचं!) पण खरी गंमत पुढेच. फुंकून झालं की माणसाला झटकन आडवं करायचं आणि दोघांनी त्याचे पाय धरून वर उचलायचे. पायांतलं रक्त छातीकडे येतं आणि हृदय भानावर येतं.

विलायतेत म्हणे चारशेहून जास्त लोकांवर हे करून पाहिलं. अर्ध्यांना नुसतं बसून फुंकायला लावलं, तर शंभरात सतरा जणांचं हृदय ताळ्यावर आलं. बाकीच्यांचे पाय उचलले, तर शंभरात त्रेचाळीस जणांचं. आकड्यांशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न एकच, आणि तो मी आनासेइनीला तशा अवस्थेतही विचारला: त्या चारशेंपैकी एकाची तरी आत्या पायथ्याशी बसली होती का? तसं कुठे लिहिलंय का? नाही लिहिलेलं! मग हे कसलं संशोधन? जी बसलेली असताना आपण तिच्या पुढून वाकून जातो, जिच्यासमोर मांडी मोडून पाय लांब करत नाही, तिच्या तोंडासमोर मी माझे तळवे नाचवायचे, आणि तेही रविवारी!

आत्याला बाहेर बसवा, असं तू म्हणशील. ऑकलंडला बसून म्हणायला काय जातं! मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? पाय धरायला आलेल्या नर्सने आत्याकडे पाहिलं आणि ती चादरींच्या घड्या घालू लागली. आनासेइनीने मात्र धीर केला. "आजी, तुम्ही जरा..." इतकं बोलली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य तिथेच संपलं. मग मी बसूनच फुंकलं. पुन्हा फुंकलं. काही नाही. म्हटलं, इंजेक्शन द्या, मेल्यासारखं वाटलं तरी चालेल, पण अब्रू राहू दे. हातपाय गार पडले होते. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. लोपेती, तुला म्हणून सांगतो, मला फार भीती वाटली. आपला बापही असाच ताटावरून उठला होता.

तेवढ्यात आत्याने पंखा खुर्चीवर ठेवला आणि उठली. म्हणाली, "फुंक, गाढवा." मी फुंकलं. मला आडवं केलं, आणि पंच्याऐंशीला टेकलेल्या त्या बाईने, चर्चला जाताना मानाने नेसायची ठेवणीतली चटई कमरेला गुंडाळलेली असताना, माझी उजवी टाच धरून खांद्यापर्यंत उचलली आणि आनासेइनीवर खेकसली, "दुसरा उचलायला काय माझा नवरा थडग्यातून येणार आहे?" दोघींनी पाय वर धरले. छातीतली कोंबडी एकदा फडफडली आणि गप्प बसली. यंत्रावरच्या रेघा शिस्तीत चालू लागल्या. आत्याने हातातला माझा पाय जवळून न्याहाळला आणि म्हणाली, "नखं काप."

आता सांग, यात लाथ कुठे आली? आणि माणूस मरता मरता वाचला, तर लोकांना दाखवायला निदान एखादी पट्टी तरी हवी की नाही? गोळी नाही, औषध नाही, टाका नाही! बँडमधली कार्टी मला पाहिलं की एकमेकांच्या तंगड्या वर करतात. त्यावर कडी म्हणजे आनासेइनी ही हकिकत फिजीत डॉक्टरांच्या सभेत सांगणार आहे. म्हणते, "तुमचं नाव नाही घेणार काका, नुसतं 'मोठा कर्णा वाजवणारा एकसष्ट वर्षांचा पुरुष' म्हणेन." अगं, या बेटावर तो कर्णाच एक आहे! आत्याची क्षमा मागायला मी डुक्कर आणि बारीक विणीची चटई घेऊन गेलो. तिने डुक्कर ठेवून घेतलं, चटई परत केली, वीकाला बाहेर पाठवलं आणि माझ्याशी चार शब्द बोलली. काय बोलली, ते एवढं महत्त्वाचं नाही.

घरच्यांना यथायोग्य सांग. आणि लाथेची गोष्ट पसरवणारा भेटला, तर त्याला माझ्या वतीने एक खरीखुरी घाल.

तुझा थोरला,
पेनिसिमानी

ता. क. आत्या काय बोलली ते लिहितोच. तिलाही तसंच होतं. बरीच वर्षं. चर्चमध्ये तिचा पंखा जोरात हलायला लागायचा, तो उकाड्याने नव्हे. सांगितलं असतं तर तपासायला अंगाला हात लावावा लागला असता, आणि तिच्या अंगाला हात लावायची आपल्यात कुणाची टाप आहे? "मला वाटायचं, मरणच आहे, हप्त्याहप्त्याने येतंय," म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

ता. क. २. तिला विचारून मी आनासेइनीला सांगितलं. ती म्हणते, धडधड सुरू झाली की ताबडतोब घेऊन या, पण पाय उचलायला दोन माणसं लागतील. आत्याला परकं माणूस चालत नाही. म्हणते, "माझ्या भावाच्या पोरांनी उचलले तर चालेल." तिच्या भावाला पोरं दोनच. त्यातला एक बापाची माती झाल्यापासून इकडे फिरकलेला नाही. येताना हातांची नखं कापून ये, असा तिचा निरोप आहे.

ता. क. ३. धडधड कधी सुरू होईल, ते तिलाही सांगता येत नाही. तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.