मिस ड्यूसबरींशी माझं लटकं लग्न ठरतं

३ मार्च १८८४, सोमवार. व्हिटबी.
आजपासून रोज लिहायचं. माझ्यासारख्या बारीक नजरेच्या माणसाची निरीक्षणं वाया जाता कामा नयेत. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते जिवंत दिसावेत असं करणं येरागबाळ्याचं काम नव्हे.
कॅप्टन ड्यूसबरी वारले. डॉक्टर म्हणतात, पोटात सोमल गेला, जालीम विष. घर पुतणीला मिळणार, म्हणून गावाचा संशय तिच्यावरच.

४ मार्च
पुतणी, म्हणजे मिस ऑगस्टा, माझ्या दुकानात आल्या. दार लोटून म्हणाल्या, "मिस्टर स्पिंक, थोडे दिवस आपलं लग्न ठरलंय असं सांगाल का? लटकंच हं! मला रोज इथं बसायचंय, आणि लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"
लटकं वगैरे लाजेपोटी. हो म्हटलं. नव्या कॉलरी घेतल्या.

६ मार्च, गुरुवार
दर गुरुवारी येते तशी मिसेस क्लेग आली. कॅप्टनसाहेबांचं घर सांभाळणारी विधवा. लग्नाची बातमी ऐकून चेहरा पडला. तिलाही माझ्याबद्दल काहीतरी वाटत असणार! मन रमावं म्हणून आतून घुबड आणून दाखवलं. "अगबाई, डोळे किती खरे!" म्हणाली.
मिस ऑगस्टा कोपऱ्यात विणत होत्या. सारखी नजर माझ्याकडे. (माझ्यामागे फळीवर सोमलाची बरणी असते, कातड्यांना कीड लागू नये म्हणून. पण बरणीकडे कोण बघतं?)

८ मार्च
खुनी मीच शोधायचा ठरवलं. संशय डॉक्टरवर. दाढी वाईट आहे.
इन्स्पेक्टर रडक आले. "बरणी अशी उघडीच असते?" मी म्हटलं, माझ्या नजरेतून चोर सुटणार नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. प्रभाव पडलेला दिसतो.

११ मार्च
बगळ्याला सोमल लावला, तर बगळा निळा पडला. समुद्राची दमट हवा! मिस ऑगस्टांना दाखवला, तर रुमाल तोंडाला लावून बाहेर गेल्या. फार हळव्या.

१३ मार्च, गुरुवार
मिसेस क्लेगच्या हातमोज्याची बोटं निळी. लंडनची नवी फॅशन असावी. तारीफ केली. घाईने निघून गेली. प्रेमभंग.

१४ मार्च
आज सकाळी मिस ऑगस्टांची लापशी निळी निघाली. स्वयंपाकघराच्या दारामागे इन्स्पेक्टर उभेच होते. मिसेस क्लेगला धरून नेलं. मृत्युपत्रात पुतणीनंतर नाव तिचंच आहे म्हणे.
माझ्या बरणीतला सोमल मिस ऑगस्टांनी केव्हाच काढून पोलिसांत दिला होता. आत पीठ आणि कपड्यांची नीळ.
हे सगळं मला दूधवाल्याने सांगितलं.

१५ मार्च
मिसेस क्लेगचा जबाब इन्स्पेक्टरांनी वाचून दाखवला: "तिथून घेणं सोपं होतं. घुबडाचं कौतुक केलं की मालकाला दुसरं काही दिसत नाही."
संध्याकाळी मिस ऑगस्टा लग्न मोडायला आल्या. मला आधी का सांगितलं नाहीत, असं विचारलं.
"तुम्ही तिला सांगून टाकलं असतं."
टाकलं असतं.
मी म्हटलं, मला ते खरंच वाटलं होतं. लग्नाचं. त्या म्हणाल्या, "कळत होतं मला. चुकलंच माझं. पण एक सांगू? काकांना मीच मारलं का, असा संशय ज्याच्या डोळ्यांत दिसला नाही असा अख्ख्या गावात एकच माणूस होता. मी विसरणार नाही, मिस्टर स्पिंक."
खरं म्हणजे ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तसं बोललो नाही. दार उघडून दिलं.