मृत्युदिनांकाची चौकट

३ जानेवारी २०००, सोमवार
कचेरीच्या नोंदीत माझी रुजू होण्याची तारीख चार लिहिली आहे. ती चूक आहे. मी आज, तीन तारखेस, सकाळी साडेदहा वाजता सांवेर रोडवरील या कचेरीत दाखल झालो. बंद गिरणीच्या हयात कामगारांची यादी संगणकावर चढवायची आहे. गिरणीच्या मस्टरवर तीस वर्षे माझ्या शेजारी बसलेल्या अप्पासाहेबांनीच माझे नाव सुचवले. जागा प्रसन्न, चहा उत्तम.
प्रोग्राम लिहिणाऱ्या सुरभीने समजावले की पडद्यावरील प्रत्येक चौकट कामगाराच्या नोंदीशी बांधलेली आहे : चौकट बदलली की नोंद बदलते, नोंद बदलली की चौकट. अप्पासाहेब म्हणाले, हा आठवडा केवळ सराव. नंतर सारे पुसले जाईल.

४ जानेवारी
धोंडिबा, कौसल्याबाई, संताजी : तिघेही हयात, म्हणून मृत्युदिनांक रिकामा. मस्टरचा आमचा शिरस्ता असा की रिकामा रकाना मागाहून कोणी भरू नये यासाठी पुढची एखादी कच्ची तारीख घालून तो बंद करायचा. अनुक्रमे सहा, आठ व दहा जानेवारी घातल्या. अप्पासाहेब मागे उभे होते. अशाच काटेकोर माणसाची गरज होती, म्हणाले.

६ जानेवारी
धोंडिबा सकाळी गेला. योगायोग असावा.

७ जानेवारी
सरावाच्या नोंदी कधी पुसणार, असे विचारताच सुरभी चकित झाली. "सराव कसला, काकाजी? पहिल्या दिवसापासून ओरिजिनलच आहे ना! अप्पासाहेबजींना सब पता है."
कौसल्याबाईंची तारीख पुसू लागलो. चौकट रिकामी राहत नाही. २०२० केली. क्षणात पुन्हा आठ जानेवारी. तीच नोंद आतल्या खोलीतील संगणकावरही उघडलेली आहे, असे सुरभी म्हणते. त्या खोलीत फक्त अप्पासाहेब बसतात.

८ जानेवारी
कौसल्याबाई — दुपारी.
अप्पासाहेबांना जाब विचारला. हयात कोणी उरले नाही की गिरणीची जमीन मोकळी होते, नव्या मालकांना घाई आहे, असे ते शांतपणे म्हणाले. तीस वर्षे ज्याच्या डब्यातले खाल्ले, तो —
तुम्हीही गिरणीचेच की, असेही म्हणाले.

१० जानेवारी
आतली खोली आतून बंद. संताजीची तारीख मी बदलतो, ते परत फिरवतात. एका हाताने टाइप, दुसऱ्याने हे —
पडद्यावर माझी नोंद उघडली. मी उघडलेली नाही.

तारखांची दुरुस्ती :
धोंडिबा — सहा जानेवारी. आता दुरुस्त होत नाही.
कौसल्याबाई — आठ. तीही नाही.
संताजी — दहा जानेवारी २००० नव्हे, २०२०. टिकली! — ते त्याला सोडून माझ्या —
बाबूराव, म्हणजे मी — आज नव्हे, दहा जा