दोन बासऱ्या आणि रडणारी एक बाई

मी, हिल्कियाची मुलगी शेलमसियोन, राहणार कफर्णहूम, सरोवराकाठची खालची आळी, हनीनाचा मुलगा याकीम याची ..............., आज स्वतःच्या पायांनी बाजारातून चालत लेखक नेहोराई याच्या ओट्यावर आले आहे. मी अंथरुणाला खिळलेली नाही, तापात बडबडत नाही, आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. येताना वाटेत एका मासळीवालीशी भांडले आणि भांडण जिंकले, त्यावरून माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे दोन्ही साक्षीदारांनी मान्य केले आहे. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते मी राजीखुशीने लिहून ठेवते.

वर एक जागा कोरी आहे. तिथे ‘पत्नी’ लिहू की ‘विधवा’, असे नेहोराईने पहिल्याच ओळीला विचारले. “मावशी, त्याशिवाय पुढे जाता येत नाही,” म्हणाला. मी म्हटले, “जाता येतं. मी इतकी वर्षं तशीच पुढे गेले. जागा सोड आणि लिही.”

कारण असे की, माझा नवरा येशूची वार्ता सांगायला म्हणून घरातून गेला तो परत आला नाही. ज्याने मृत्यू डोळ्यांनी पाहिला असा साक्षीदार येईपर्यंत आमच्यात बाई पत्नीच राहते, मग केस पिकोत की दात पडोत. तसा साक्षीदार या आठवड्यात माझ्या दारी आला. त्याच्याविषयी पुढे लिहीन. तो कोरा शब्द आज उठण्यापूर्वी मला भरायचा आहे, आणि तो कसा भरावा ते हे लिहायला बसेपर्यंत माझे ठरलेले नाही.

कलम पहिले, माझ्या मयताविषयी. रीत अशी की नवरा कितीही गरीब असला तरी बायकोच्या मयताला त्याने दोन बासऱ्या आणि मोलाने रडणारी एक बाई आणलीच पाहिजे. माझा नवरा हजर नसल्यामुळे ही सोय माझी मीच केली. मग्दालाचा झक्कूर बासरीवाला आणि त्याचा भाऊ यांना मी दर हिवाळ्याच्या तोंडाशी खारवलेल्या माशांचा एक रांजण आगाऊ देत आले आहे. रांजण उचलताना झक्कूर दर वर्षी विचारतो, “आजी, यंदाही बेत नाही वाटतं?” मी म्हणते, “घाई असेल तर मासे परत कर.” रडायला येदीदा ठरलेली आहे. तिच्या रडण्यात खोट असते, पण आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो, आणि माझ्यासाठी रडायला दुसरे आहे कोण?

कलम दुसरे, होडी. होडी याकीम आणि त्याचा धाकटा भाऊ गोरियोन यांची निम्मी-निम्मी. याकीम गेल्यावर गोरियोन म्हणाला, “वहिनी, दादाचा वाटा मला वापरू द्या.” मी म्हटले, “भाऊजी, दादा आला की त्यालाच विचारा.” तो येईना, मी सोडीना, आणि होडी किनाऱ्यावर उलथी पडून सुकली. तिच्या सावलीत आता कोंबड्या बसतात. गोरियोनने एकदा चारचौघांत मला सुनावले होते, “तुम्ही नवऱ्याची वाट नाही बघत वहिनी, तुम्ही आमची वाट लावता.” त्या बोलण्याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही. तरी होडीचा याकीमचा वाटा त्यालाच द्यावा. लाकूड जळायला चांगले आहे. जाळताना त्याला भावाची आठवण झाली तर बरे.

कलम तिसरे, मीठ घालण्याचे दोन हौद, सुरी आणि एक काळा दगड. हे तिन्ही तिर्सेला द्यावे. तिर्सा कोण ते घराच्या कलमात येईल. दगडाविषयी मात्र इथेच लिहिले पाहिजे, नाहीतर ती तो दाराला अटकाव म्हणून लावेल.

नासरेथकर येशूला यरुशलेमात वधस्तंभावर खिळले, पुरले, आणि तिसऱ्या दिवशी थडगे रिकामे सापडले. ती बातमी प्रथम बायकांनी आणली आणि पुरुषांनी ती थट्टेवारी नेली, याची इथे नोंद असावी. मग त्याचे शिष्य गालीलात परतले आणि काय करावे ते न सुचून पुन्हा मासेमारीला गेले. सातजण एका होडीत होते, त्यांत याकीमही. रात्र फुकट गेली आणि उजाडताना जाळे ओढवेना इतके भरले. याकीम धापा टाकत घरी आला, “शेलम, मीठ आण, घरात आहे तेवढं आण,” म्हणाला आणि उलट्या पावली पळाला. ऊन चढले की मासा नासतो. आमच्या घरात कोणी जन्मले, कोणी मेले, तरी आधी मीठ.

मी आळीत घरोघर फिरून मीठ गोळा केले. पोते डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा निखारे लाल होते, बाजूला माशांचे काटे पडले होते आणि भरले जाळे तसेच सोडून सातहीजण बसले होते.

“काय झालं? कोण होतं इथे?”

“तोच होता, शेलम. त्यानं विस्तव पेटवून ठेवला होता. मासा भाजून दिला. भाकरी हातात दिली.”

“अहो, मग मला नाही सांगितलंत? घरी आला होतात ना?”

“सुचलंच नाही गं. मासे नासतील एवढंच डोक्यात होतं.”

“भाकरीचा तुकडा तरी ठेवलात?”

त्याने हात उघडून पाहिले. हात रिकामे होते. दिवसभर मी तेच मासे चिरले आणि मीठ चोळले. मला रागापेक्षा एकटेपणा जास्त वाटला. आख्ख्या किनाऱ्यावर ज्याने काही पाहिले नाही अशी मी एकटी होते. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या त्या चुलीचा एक दगड निवल्यावर उचलून आणला. तोच हा दगड. त्याच्यात काही गुण नाही, त्याने कोणाचे दुखणे बरे झालेले नाही. पण तो तिथे होता.

आणखी एक. ही गोष्ट सांगत फिरणारे पाहुणे माझ्या अंगणात उतरतात, माझी आमटी जेवतात. सांगताना होडीतल्यांची नावे घेतात, शिमोन पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे, आणि मग म्हणतात, ‘आणखी दोघे’. एकदा मी वाढता वाढता थांबले.

“त्या दोघांची नावं?”

“आई, नावांना महत्त्व नाही.”

“पेत्राचं घेतलंत की.”

पाहुणा हसला आणि त्याने भाकरी मागितली. त्या दोघांतला एक माझा नवरा होता. त्याचे नाव याकीम. नेहोराई, हे ठळक लिही.

कलम चौथे, धाब्यावर फिरवायचा दगडी रूळ. घर मातीच्या धाब्याचे आहे, दर वर्षी पावसाआधी लिंपून त्यावर रूळ फिरवावा लागतो, आणि ते दोघांचे काम आहे. त्या सकाळनंतर याकीमने धाब्याकडे पाहिलेच नाही. “प्रभू लवकर परत येणार आहे, शेलम. मग हे धाबं कोणाला हवंय?” त्यांच्यातले सगळेच तसे म्हणत. कोणी द्राक्षवेल छाटली नाही, कोणी जाळ्याला नवा दोर घेतला नाही. हिवाळ्यात अंथरुणावर पाणी टपकू लागले तेव्हा तो शिष्य झोपेतच सरकून कोरड्या जागी गेला. पुढे तो वार्ता घेऊन समुद्रावरच्या सोर बंदराकडे निघाला तेव्हा दारात म्हणाला, “वल्हांडणाच्या सणाला येतो.” कोणत्या वल्हांडणाला ते मी विचारायला हवे होते. तेव्हापासून रूळ मी एकटीने ओढला. एका टोकाकडून ओढायचा, मग चालत दुसऱ्या टोकाला जायचे आणि परत ओढायचा. गावाने खालून पाहिले. रूळ घरासोबत राहील.

कलम पाचवे, घर. हे घर माझ्या वडिलांनी मला दानपत्राने दिलेले असून त्यावर दिराचा किंवा इतर कोणाचा काडीचाही हक्क नाही. ते मी शेजारची तिर्सा हिला देते. तिचा नवराही तीच वार्ता घेऊन गेल्या वसंतात वाटेला लागला. ती अजून रोज दोघांपुरते पीठ मळते. मी तिला काही बोलत नाही. तिच्यामागे हे घर अशाच कोणा बाईला मिळावे, जिचा माणूस वार्ता घेऊन निघाला आणि येतो म्हणाला. अट एकच. रात्री दाराला कडी लावावी. मी याकीमसाठी ती कधी लावली नाही, आणि माझ्याकडे रात्री फक्त कुत्री आली.

कलम सहावे, जाळे विणायची हाडाची सुई. तिच्या मुठीशी मी स्वतः कोरलेली माशाच्या शेपटीची खूण आहे. ही सुई याकीम जाताना घेऊन गेला होता. ती आता माझ्यापाशी आहे. ती घेऊन आला तो सोरचा दोर वळणारा दोसा, इथे बसलेला आहे. दारात उभा राहून तो म्हणाला होता, “मिठाच्या शेलमसियोन त्या तुम्हीच ना?”

मी म्हटले, “तुम्ही मला कुठून ओळखता?”

“सोरच्या धक्क्यावर तुम्हाला सगळेच ओळखतात.”

याकीम तिथे दिवसा जाळी दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी ती सकाळ सांगायचा. दोसा म्हणाला, “सातही नावं घ्यायचे, स्वतःचं शेवटी. मग म्हणायचे, आठवी माझी बायको. तिला मी मिठाला पाठवलं, म्हणून तिची भेट चुकली. तिथे ही सुई काढून दाखवायचे. रोज सांगायचे आणि रोज दाखवायचे.”

“मग घरी का नाही आले?”

“दर वल्हांडणाला गाठोडं बांधायचे. दर वेळी कोणीतरी नवा माणूस ऐकायला यायचा. त्याला टाकून कसं जाऊ, म्हणायचे.”

“निरोप?”

“म्हणायचे, निरोप कशाला, मीच निघालोय.”

हे शब्द याकीमचेच, खोट्या साक्षीदाराला असले सुचणार नाही. दोसाने सांगितले की याकीम तापाने गेला, त्याचे डोळे आपण मिटले आणि पुरलेही आपणच. सुई मी दोन्ही हातांनी धरली. त्या किनाऱ्यावर मला कोणी हाक मारली नाही असे मी आयुष्यभर धरून बसले होते, आणि परक्या गावात तो मला रोज हाक मारत होता. मला ते कळायला हवे होते. तो जिवंत असताना कळायला हवे होते. सुई माझ्या हातात ठेवून मला पुरावे.

कलम सातवे, कपडे. लोकरीचे चांगले वस्त्र तिर्सेला द्यावे. जुने कोणाला देऊ नये, त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

बातमी कळल्यावर येशूच्या मंडळीतले वडीलधारे आले आणि म्हणाले, “शेलमबाई, तो मेला नाही, झोपलाय. प्रभू आला की उठेल. रडायचं कशाला, गाणं म्हणा.” मी त्यांना उलट बोलले नाही. तो उठेल असे मीही मानते. मेलेला माणूस आमच्या किनाऱ्यावर मासे भाजून गेला आहे, मी निखारे पाहिले आहेत. पण तो उठेपर्यंत माझ्याजवळ कोणी बसायचे की नाही? येशूला न मानणारे सभास्थानातले लोक आले नाहीत, कारण मी मंडळीतली. गोरियोन आला नाही, कारण होडी. सुतकातले पहिले जेवण दुसऱ्याच्या घरून यावे लागते, मसुराची आमटी तरी. माझ्याकडे कोणाच्याही घरून मसूर आले नाहीत. दोघे गाणे म्हणून गेले आणि मी उपाशी झोपले.

‘पत्नी’ लिहिले तर हे सगळे आहे तसे चालू राहील. मला वाट बघण्याची सवय आहे, रडण्याची नाही. पण मी वाट बघत राहिले तर याकीमसाठी या गावात कोणीच रडणार नाही, आणि तो आणखी एकदा ‘आणखी दोघां’त जाईल.

कलम आठवे आणि शेवटचे. वरचे पहिले कलम मी बदलते. त्या दोन बासऱ्या आणि येदीदा माझ्या मयताला नकोत. त्यांनी उद्या सकाळी माझ्या अंगणात यावे. मी जुने वस्त्र गळ्यापाशी फाडून जमिनीवर बसेन. येदीदाने नाव घेऊन रडावे, याकीम, हनीनाचा मुलगा, आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत जावा.

साक्षीला बसलेला झक्कूर ओट्यावरून म्हणाला, “आणि आजी, तुमच्या वेळी?”

“माझ्या वेळी वाटलं तर ये. मासे पुष्कळ खाल्लेस.”

नेहोराई, आता वर जा आणि कोऱ्या जागेत लिही: विधवा.

कफर्णहूम, क्लौद्य कैसराचे आठवे वर्ष, हेश्वान महिना, शब्बाथाच्या दोन दिवस आधी.

शेलमसियोन, हिल्कियाची मुलगी. लिहिता येत नाही म्हणून माशाच्या शेपटीची खूण केली.

लेखक: नेहोराई. वरचा शब्द लिहिताना शाई थोडी सांडली, तो डाग खाडाखोड समजू नये.

साक्षीदार पहिला: दोसा, दोर वळणारा, सोर. याकीमला मी पुरले, हे शपथेवर.

साक्षीदार दुसरा: झक्कूर, बासरीवाला, मग्दाला. उद्या सकाळी दोघे भाऊ येतो.

तिर्सा इथे शेवटपर्यंत बसून होती, पण बाईची साक्ष चालत नाही म्हणून तिची खूण घेतलेली नाही. ती आताच उठून गेली. तिच्या घरी मसूर भिजत घातले आहेत.